झिपऱ्याची दुसरी बाजू

सलूनवाल्या आप्पांच्या घरात एकच जीव असा होता ज्याच्या केसांना कधी कात्री लागली नव्हती, आणि तो म्हणजे घरचा कुत्रा. नाव झिपऱ्या. त्याचे तपकिरी केस एवढे वाढले होते, की तोंड कुठल्या बाजूला आहे हे नव्या माणसाला तो भुंकल्यावरच कळायचं. आप्पा त्याला मुद्दाम दुकानाच्या दारात बसवायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "बघून घ्या, माझ्याकडे आला नाहीत तर असे दिसाल." आणि स्वतःच खो खो हसायचे. गिऱ्हाईकंही हसायची. न हसून करतात काय, वस्तरा आप्पांच्या हातात असायचा.

तर या आप्पांची एकुलती एक मुलगी. लहानपणी एका जागी पाय ठरत नव्हता म्हणून सगळे तिला भिंगरी म्हणायचे, ते नाव ती चांगली मोठी झाली तरी सुटलं नाही. दुकान पुढे, घर मागे, मध्ये एक पडदा. त्या पडद्याच्या अलीकडे-पलीकडे करत भिंगरी मोठी झाली. दुकानातले केस झाडायचे, टॉवेल धुवायचे, कंगवे गरम पाण्यात टाकायचे, सगळं काम तिचं. फक्त खुर्चीतल्या माणसाच्या डोक्याला हात लावायचा नाही. आणि नेमके तिचे हात तिथेच शिवशिवायचे. फोनवर बघून बघून ती फेड शिकली होती, म्हणजे कानाजवळ अगदी बारीक आणि वर जाताना कळणार नाही अशा बेताने दाट होत जाणारी ती हल्लीची कटिंग. सराव कशावर करणार? एकदा तिने आईच्या लोकरी कोटाच्या बाहीवर केली. आई चिडून तिच्याशी बोलेना, आणि मग एका बाईने त्या कोटाचं कौतुक केल्यावर दुसरी बाहीपण करून दे म्हणून मागे लागली.

भिंगरीला एवढंच हवं होतं, की आप्पांच्या दुकानात, दिवसाढवळ्या, एका खऱ्या माणसाचे केस आपण कापावेत. ती विचारायची, आणि आप्पांचं उत्तर ठरलेलं. "माझी हरकत नाही गं. पण गिऱ्हाईक बसणार नाही." बोलून झालं की कात्री दोनदा हवेत कच्‌कच्‌ करायची, म्हणजे विषय संपला.

अशात आप्पांच्या मोठ्या भावाचं डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि आप्पांना आठवडाभर तिकडे जावं लागलं. इतके दिवस दुकान बंद ठेवायचं म्हणजे आप्पांच्या जिवावर आलं होतं. खांद्यावर बॅग घेऊन ते दारात उभे राहिले आणि त्यांनी फर्मान काढलं.

"दुकान उघडायचं नाही. मशीनला हात लावायचा नाही. झिपऱ्याला सांभाळायचं. त्याच्या अंगावर एक ओरखडासुद्धा दिसता कामा नये. एवढं नीट जमलं, तर आल्यावर तुझं बघू."

"बघू म्हणजे नक्की?"

"बघू म्हणजे बघू," आप्पा म्हणाले आणि गेले.

भिंगरी मात्र तिथेच उभी. आजवर तिने नुसतं 'नाही' ऐकलं होतं. 'बघू' हे पहिल्यांदा. तिने मनाशी ठरवलं, हा आठवडा झिपऱ्याला डोळ्यांत तेल घालून जपायचं.

आता नशीब बघा. आप्पा अजून भावाच्या घरी पोचलेही नसतील, तेवढ्यात शेजाऱ्यांची मांजर मागच्या अंगणात आली. झिपऱ्या उठला. मांजर कुंपणाच्या तारेखालून साळसूदपणे निघून गेली आणि हाही तिच्यामागे. त्याला वाटलं आपणही मांजरीएवढेच आहोत. तारेला काही तसं वाटलं नाही. केवढ्यांदा तरी केकाटला. भिंगरी हातातलं टाकून धावली. बरगड्यांच्या मागे एका जागी केस ओले होऊन चिकटले होते आणि तिच्या बोटांना रक्त लागलं. घाबरलीच ती. पहिल्यांदा झिपऱ्यासाठी आणि, खोटं कशाला बोला, लगेच पाठोपाठ त्या 'बघू'साठी.

"आई! लवकर ये!"

आई आली ती तुरटी घेऊनच. सलूनवाल्याचं घर हे. इथे दाढी करताना कापलं की तुरटी, भाजी चिरताना कापलं की तुरटी, दारात बोट सापडलं तरी तुरटीच. आईच्या दुसऱ्या हातात आफ्टरशेव्हची बाटली होती, लागलीच तर असू दे म्हणून. तिने तुरटी पाण्यात बुडवली आणि केसांवरूनच फिरवली. झिपऱ्याने एक उडी मारली, पडद्यातून थेट दुकानात गेला आणि आप्पांच्या खुर्चीखाली शिरून गुरगुरायला लागला.

"अगं बाई, झोंबलं वाटतं," आई म्हणाली.

"नाही, त्याला आनंद झालाय. आई, ठेव ती बाटली खाली!"

भिंगरीने जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला. काय झालं ते सांगितलं. बाईंनी विचारलं, "आतापर्यंत काय लावलंत?"

"तुरटी."

"आणखी?"

"आफ्टरशेव्ह लावणार होतो."

मग बाई म्हणाल्या, "का? त्याला कुठे लग्नाला जायचंय?"

भिंगरीने जीभ चावली. बाईंनी मग नीट समजावलं. "तुरटी, स्पिरिट, पावडर, माणसांची मलमं, काही लावायचं नाही. आधी जखम किती आहे ते बघा. स्वच्छ कापड दाबून धरा, रक्त थांबेल. जखमेच्या कडा फाकलेल्या असतील, खोल असेल, रक्त थांबत नसेल, तर तसंच त्याला इकडे घेऊन या. नुसतं खरचटलं असेल तर घरीच होईल."

"केसांमुळे काही दिसतच नाही हो."

"मग भोवतालचे केस काढा. कात्रीने नको, तो हलला तर कातडी कापेल. मशीनने काढा. जखमेवर ओलं गॉज, म्हणजे पट्टीचं जाळीदार कापड, ठेवा म्हणजे बारीक केस आत जाणार नाहीत. मग पेलाभर कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून त्याने हलक्या हाताने धुवा. नंतर टिपायचं, पुसायचं नाही. कोरडी ठेवायची. आणि चाटू द्यायचं नाही, काही झालं तरी."

"मशीनने?" भिंगरीने पुन्हा विचारलं. ऐकू आलं होतं तिला चांगलं. तरी पुन्हा विचारलं.

"हो, मशीनने. तुमचं सलूनच आहे ना? की तुमच्याकडे मशीन नाही?"

मशीन होतं. एका विक्रेत्याने आप्पांच्या गळ्यात मारलेलं, नवंकोरं. आप्पा त्याला गवत कापायचं यंत्र म्हणायचे आणि खणात मागे ढकलून ठेवायचे. ते कात्री-कंगव्याचे उस्ताद. भिंगरीने आईकडे बघितलं. चेहरा काळजीचा ठेवायचा तिने खूप प्रयत्न केला, पण मनात उकळ्या फुटत होत्या त्या काही लपेनात.

"डॉक्टरांनीच सांगितलंय," ती म्हणाली.

"ऐकलं मी," आई म्हणाली. "फक्त जखमेपुरतं हं."

दुपारी दुकान रिकामं असलं की झिपऱ्या त्या खुर्चीत झोपायचा, त्यामुळे खुर्चीची त्याला भीती नव्हती. आईने बिस्किटाचे तुकडे हातात घेतले आणि त्याच्या तोंडापाशी, म्हणजे जिथे तोंड असावं असा तिचा अंदाज होता तिथे, धरले. भिंगरीने मशीनची पाती पुसली, जखमेवर ओलं गॉज ठेवलं आणि बटण दाबलं. झिपऱ्या आधी ताठ झाला. मग त्या घुर्र घुर्र आवाजाला कान देऊन बसला. मग तर चक्क मशीनवर रेलला. केसांचा एक जाड पट्टा सुटून खाली पडला, त्यामागे दुसरा. तळहाताएवढी जागा मोकळी झाली. तिच्या मधोमध बोटाच्या पेराएवढा ओरखडा होता, वरवरचा. रक्तही थांबलेलं.

"एवढंसं!" भिंगरीच्या जिवात जीव आला. "एवढ्याशासाठी केवढा रडलास रे?"

तिने हात धुतले, मिठाचं कोमट पाणी हळूहळू ओतून जखम साफ केली, स्वच्छ कापडाने टिपली. सगळं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं तसं. आता तिने मशीन खणात ठेवलं असतं, झिपऱ्याला खाली उतरवलं असतं, तर पुढचं काही झालंच नसतं. पण तिची नजर आरशात गेली.

झिपऱ्याच्या एका बाजूला स्वच्छ चौकोन, आणि दुसऱ्या बाजूला जंगल.

"आई," ती म्हणाली, "एकच बाजू झालीये."

बाहेरच्या माणसाला यात काय एवढं, असं वाटेल. पण हे घर आप्पांचं होतं. एक बाजू कापून गिऱ्हाईक खुर्चीतून उठता कामा नये, हे या घरात जेवणाआधी हात धुण्याइतकं पक्कं होतं. एकदा समोरच्या दुकानाला आग लागली, अख्खी गल्ली बादल्या घेऊन धावली. आप्पांनी आधी गिऱ्हाईकाची दुसरी बाजू पूर्ण केली, त्याच्या मानेवरचे केस झटकले, आणि मग बादली उचलली. त्यांचीच ही लेक. आणि आई त्यांचीच बायको. तिनेही आरशात बघितलं आणि तिलाही ते बघवेना.

"तेवढाच चौकोन कर पलीकडे," आई म्हणाली. "जास्त नाही."

तेवढाच चौकोन केला. आता दोन्ही बाजू सारख्या झाल्या, पण मधली पाठ अशी दिसायला लागली की कोणी कुत्र्यावर गोधडी वाळत घातलीये. मग कडा जरा मिसळून घ्याव्यात म्हणून भिंगरीने मशीनला मोठा गार्ड, म्हणजे केस किती लांब राहायचे ते ठरवणारा पात्यावरचा कंगवा, लावला. मग मधला. झिपऱ्या डोळे मिटून बसला होता, निदान तसं वाटत होतं. आई आधी दारावर लक्ष ठेवून उभी होती. मग ती बाकावर बसली. मग बिस्किटं झिपऱ्याला द्यायची सोडून स्वतःच खायला लागली आणि सूचना करायला लागली.

"मानेवर जड वाटतंय गं."

"करते."

"डावीकडून जास्त उतरवलंस."

"सावली आहे ती, आई. मी काय नवशिकी आहे का?"

"नाही, तू आप्पांचीच आहेस, तसंच बोलतेस. बरं, आता कपाळावरचं तेवढं काढ. याचे डोळे तरी बघू दे मला एकदा."

कपाळावरची झुलपं खाली आली आणि दोघी बघतच राहिल्या. झिपऱ्याचे डोळे मधाच्या रंगाचे होते. केव्हापासून तो या घरात होता, आणि तो आपल्याकडे कसं बघतो हे त्यांना आज कळत होतं.

"हा केवढा देखणा आहे गं," आई हळूच म्हणाली.

देखण्याने तेवढ्यात आरसा बघितला. आरशातल्या परक्या कुत्र्यावर तो तावातावाने भुंकला, खुर्चीतून उतरून कोपऱ्यात गेला, आणि थोड्या वेळाने पुन्हा डोकावून बघून आला. असं तो संध्याकाळपर्यंत करत होता. शेवटी शेवटी भुंकणं बंद झालं, नुसतंच बघणं राहिलं.

जमिनीवर केसांचा ढीग पडला होता, त्यात दुसरा एक झिपऱ्या मावला असता. तो बघून भिंगरी भानावर आली.

"आई. आप्पा."

"बोंबला," आई म्हणाली.

काम मात्र भिंगरीने चोख केलं, हे सांगितलंच पाहिजे. झिपऱ्या मान वळवून जखम चाटायला बघायचा, म्हणून आईने आप्पांचा एक जुना बनियन काढला, झिपऱ्याचे पुढचे पाय त्याच्या बाह्यांच्या भोकांतून काढले आणि पाठीवर गाठ मारली. जखम झाकली, वाराही लागत राहिला. तो बनियन घालून झिपऱ्या अंगणात फिरायचा तेव्हा हुबेहूब आप्पांसारखा संथ चालायचा, आणि दोघी मायलेकी तोंडावर पदर, ओढणी काय हाताला लागेल ते धरून हसायच्या. सकाळ-संध्याकाळ भिंगरी गाठ सोडून जखम बघायची. सूज आहे का, पू आहे का, हात लावला तर गरम लागतंय का, वास येतोय का. बनियन रोज धुतलेला घालायची. आईने एकदा हळूच टाल्कम पावडरचा डबा आणला तर तो तिने तिथल्या तिथे परत पाठवला. दोन-तीन दिवसांतच लाली उतरली, खपली धरली, आणि फोटो बघून डॉक्टरीणबाईंनी "छान, खपली ओढू नका, आपोआप पडेल" असं कळवलं.

एवढं सगळं सरळ चाललं होतं, आणि मग आप्पांचा व्हिडिओ कॉल आला.

"झिपऱ्याला दाखव."

भिंगरीच्या तोंडचं पाणी पळालं. पण आई काय चीज आहे हे आजवर कोणालाच माहीत नव्हतं. दुकानाच्या काचेच्या कपाटात प्लास्टरचं एक डोकं होतं आणि त्याच्यावर केसांचा एक तपकिरी टोप, पूर्वी कधीतरी विकायला आणलेला. आईने तो उचलला, दोनदा झटकला आणि झिपऱ्याच्या डोक्यावर घातला. खोलीतला दिवा मालवला. वरून सांगते कशी, "अहो, वीज गेलीये."

तिकडे मोठ्या काकांच्या डोळ्याला पट्टी होती आणि आप्पांचा चष्मा बॅगेत होता. आप्पांनी फोन नाकाला लावला. "झिपऱ्या! ए झिपऱ्या! कसा आहेस?" टोपाखाली झिपऱ्या बिचारा गप्प बसला होता. आप्पांनी बराच वेळ निरखून बघितलं.

"याला भांग कोणी पाडला?"

"वारा सुटलाय हो इकडे," आई म्हणाली आणि तिने फोन ठेवून दिला.

त्या रात्री भिंगरीला हसूही येत होतं आणि रडूही. टोप घालून किती दिवस काढणार? "आता सांगूनच टाकते त्यांना," ती म्हणाली. आई म्हणाली, "येऊ दे तर खरं. फोनवर सांगितलंस तर तिकडूनच ओरडतील, भावाचे टाके उसवतील."

ठरल्या दिवशी आप्पा यायचे होते संध्याकाळी. पण दुकानाच्या ओढीने ते सकाळच्या बसनेच आले आणि घरात न येता आधी शटर उघडलं. बाहेर ड्रायव्हिंग स्कूलचे मास्तर उभेच होते, आठवडाभराचे केस कानांवर घेऊन. आप्पांनी त्यांना आत बसवलं. शटरचा आवाज ऐकून झिपऱ्या पडद्यातून सुसाट आला आणि आप्पांच्या अंगावर चढला.

आप्पा दोन पावलं मागे सरकले. "हे कोणाचं कुत्रं?" आणि मग, "अरे, याच्या अंगावर माझा बनियन का आहे?"

झिपऱ्याने त्यांचा हात चाटला. आप्पांनी त्याचे मधाळ डोळे बघितले, शेपटी बघितली, पडद्यापाशी उभी असलेली भिंगरी बघितली. आईने डोकावून बघितलं आणि ती परत पडद्यामागे गेली.

"फोनवर कोण होतं मग?" आप्पांनी विचारलं.

काचेच्या कपाटातलं प्लास्टरचं डोकं टोप घालून समोर बघत होतं. भांग डावीकडे.

भिंगरीने काही लपवलं नाही. मांजर, तार, तुरटी, डॉक्टरीणबाई, मशीन, सगळं सांगून टाकलं. आप्पांनी बनियनची गाठ सोडली. खपली पडून गेली होती, तिथे नुसती गुलाबी रेघ होती.

"तुरटीने बरी झाली?"

"नाही. मिठाच्या पाण्याने."

आप्पांना तुरटीच्या वतीने जरा वाईट वाटलं असावं. मग त्यांचा तळहात, त्यांना न विचारता, झिपऱ्याच्या अंगावरून वर गेला. उलट्या दिशेने. असाच हात ते प्रत्येक गिऱ्हाईकाच्या डोक्यावरून शेवटी फिरवायचे. केसांत कुठे पायरी राहिली असेल तर बोटांना लागते. भिंगरी त्या हाताकडे बघत होती. पायरी लागली नाही. आप्पांनी पुन्हा एकदा फिरवला. तरी लागली नाही. तसा त्यांनी हात काढून घेतला आणि आवाज चढवला.

"ओरखडा नको म्हटलं, तर तू सगळं कुत्रंच सोलून ठेवलंस! मशीनला हात लावायचा नाही म्हटलं होतं की नाही?"

"डॉक्टरांनी सांगितलं होतं."

"डॉक्टरांनी याची मान कोरायला सांगितली होती? काही बघू-बिघू नाही आता. झाडू घे."

भिंगरीने झाडू घेतला. तिचे डोळे भरून आले, आणि त्याहून जास्त संताप आला. बरी झाली ना जखम? आणि त्या हाताला सगळं कळलं होतं, तिने बघितलं होतं ते. कळूनही हे असं बोलले.

मास्तर इतका वेळ बाकावर बसून फोनवर एका शिकाऊ माणसाला गिअर समजावत होते, बापलेकीचं बोलणं त्यांच्या कानी गेलं नव्हतं, नजर मात्र कुत्र्यावरच होती. फोन ठेवून ते उठून खुर्चीत बसले. "आप्पा, काम झकास झालंय हो. तुम्ही केलंत?"

आता इथे आप्पांनी गप्प बसावं की नाही? पण नाही. मिशीवरून बोट फिरवत म्हणाले, "मग कोण करणार?"

पडद्यामागे एक भांडं दाणकन आपटलं. भिंगरीचा झाडू थांबला. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच, आणि तेही सख्ख्या बापाने!

"मग आजपासून माझं असंच करा," मास्तर म्हणाले. "अगदी असंच. कानापाशी बारीक, वर हळूहळू दाट. किती दिवस म्हणणार होतो तुम्हाला. राग मानू नका, पण तुम्ही गल्लीतल्या सगळ्यांचे केस एकसारखे कापता. लांबून मला माझा भाऊ कोण आणि पोस्टमन कोण कळत नाही."

आप्पांनी कंगवा-कात्री उचलली. "मशीनने केलंय ना ते?" मास्तरांनी विचारलं. आप्पांनी कात्री ठेवली, खण उघडला, मशीन काढलं. गार्ड सहा होते. आप्पांनी एक उचलून उजेडात धरला, दुसरा धरला, मग जो लावला तो उलटा लावला. तो टप्पकन मास्तरांच्या मांडीवर पडला. आप्पांनी आरशातून भिंगरीकडे बघितलं. भिंगरीही आरशातून त्यांच्याकडेच बघत होती. एक शब्द बोलली असती तर आप्पा सुटले असते. पण ती तीच स्वच्छ जागा पुन्हा झाडायला लागली.

आप्पांनी मशीन सुरू करून मास्तरांच्या कानामागे नेलं. मास्तरांनी मान आवरून घेतली.

"थांबा, आप्पा. शेजारी शिकाऊ माणूस बसला की मला मानेतून कळतं. दिवसभर तेच करतो मी. हे काम तुमचं नाही."

मशीन आप्पांच्या हातात नुसतंच घुर्र घुर्र करत राहिलं. त्यांचे कान लाल झाले. मग त्यांनी बटण बंद केलं.

"नाही," ते म्हणाले. "पोरीचं आहे. खोटं बोललो मी."

"मग तिलाच बोलवा की!"

"तुम्ही बसाल? तिच्या हाताखाली?"

"अहो, मी रोज अशा लोकांशेजारी बसतो ज्यांना ब्रेक कुठे आहे ते ठाऊक नसतं. हिला निदान ठाऊक आहे, ते समोर दिसतंय की."

"कोणी बसणार नाही, असं मी हिला नेहमी सांगत आलो," आप्पा म्हणाले. ते मास्तरांशी बोलत होते की स्वतःशी, कोणास ठाऊक.

"कोणाला विचारलं होतंत?"

आप्पांनी खरंच आठवून बघितलं. एकाही माणसाला त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

त्यांनी मशीन भिंगरीपुढे धरलं. भिंगरीने ते लगेच घेतलं नाही. "आप्पा, माझी चूक काय होती, ते आधी सांगा."

"तुझी नव्हती," आप्पा म्हणाले. "मला भीती वाटायची. तू माझ्यापेक्षा चांगली निघालीस तर मी इथे करायचं काय? घे आता, मास्तर खोळंबलेत."

भिंगरीने झाडू भिंतीला टेकवला, हात धुतले आणि मशीन घेतलं. पहिला फटका तिने जपून मारला. मग हात आपला आपण चालायला लागला. आई पडदा पूर्ण बाजूला सारून उघडपणे बघत होती. आप्पा बाकावर बसले, जिथे त्यांच्या दुकानात ते कधीच बसले नव्हते, आणि झिपऱ्याने त्यांच्या मांडीवर डोकं ठेवलं. मास्तरांनी शेवटी आरशात डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं, आणि "आता पोस्टमन वेगळा" म्हणत शीळ घालत निघून गेले.

दुकानात कोणी नव्हतं. भिंगरी खुर्ची झटकत होती. आप्पा बाकावरून उठले, चष्मा काढून आरशापाशी ठेवला आणि आपल्याच खुर्चीत येऊन बसले.

"काय झालं?" भिंगरीने विचारलं.

"काय व्हायचंय? केस वाढलेत माझे. भावाचा डोळा बघत बसलो आठवडाभर."

तिने त्यांच्या गळ्याभोवती कापड बांधलं. आप्पांनी मान खाली घातली. गल्लीतल्या प्रत्येक माणसाची मान तिने बघितली होती, पण आप्पांची मान अशी वरून, पुढे झुकलेली, कधीच बघितली नव्हती. मागचे केस एका बाजूला वर गेले होते, एका बाजूला खाली, मध्येच एक झुपका तसाच राहिला होता.

"आप्पा, मागून कोण कापतं तुमचे?"

"मीच. दोन आरसे लावून."

"कळतंय ते," भिंगरी म्हणाली आणि तिने तो झुपका बोटांत धरला. "मला सांगायचं नाही का?"

पडद्यापाशी आई हसत होती आणि पदराने डोळेही पुसत होती.

"हसू नका दोघी," आप्पा मान न उचलता म्हणाले. "कापा आता."